मनोऱ्याखालची जमीन

परतूर घ्या, मंठा घ्या नाहीतर भोकरदन. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात २६ जानेवारीच्या सकाळी हा प्रसंग ठरलेला असतो. झेंडावंदन उरकलेलं असतं, भाषणं आटोपलेली असतात, मुलींचं लेझीमही होऊन गेलेलं असतं. मग पीटीचे सर शिट्टी वाजवतात. पांढऱ्या बनियनमधली पोरं धावत येतात आणि आपापल्या जागी ओणवी होतात. दुसऱ्या शिट्टीला त्यांच्या पाठीवर पाय देऊन पुढची रांग चढते. तिसऱ्या शिट्टीला पाचवीतला सगळ्यात हलका पोरगा नववीतल्यांच्या खांद्यांवरून वर जातो, हळूहळू ताठ होतो आणि कमरेला खोचलेला कागदी तिरंगा काढून फडकवतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. पाहुणे मोबाइल वर धरतात. चौथ्या शिट्टीला मनोरा उतरतो. सगळं मिळून दीड-दोन मिनिटांचं काम.

तेवढा वेळ सगळ्यांच्या नजरा वर असतात. मला खाली पाहायचं आहे. त्या पोरांच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी सिमेंटचा कोबा असतो, नव्या शाळेत पेव्हर ब्लॉक, जुन्या शाळेत रोलर फिरवून घट्ट केलेला मुरूम. कार्यक्रम रंगमंचावर असेल तर लोखंडी चौकटीवरच्या फळ्या आणि त्यावर जाजम. कुणी फारच काळजी घेतली तर टाटपट्टी दुहेरी घालून अंथरतात. गुडघे खरचटू नयेत यासाठी ती ठीक आहे. डोक्यासाठी तिचा काही उपयोग नाही.

माणसाच्या खांद्यावर माणूस चढवायची हौस आपल्याकडे जुनीच आहे, आणि चढणारा कधीतरी पडणार हेही तितकंच जुनं ज्ञान आहे. जुन्या लोकांनी त्याची तजवीज जमिनीत केली होती. ही हौस पुढे शाळेत गेली, मंचावर गेली, रस्त्यावर गेली. जमीन तिच्याबरोबर गेली नाही. त्या सुटलेल्या जमिनीचा हा माग आहे.

सुरुवात तालमीच्या हौद्यापासून करावी लागते. हौदा म्हणजे नुसता मातीचा खड्डा नव्हे. लाल माती आणायची, ती चाळून खडा न् खडा वेचून काढायचा, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं. हे झालं एकदाचं. रोजचं काम वेगळंच. पहाटे जो पहिला येईल त्यानं फावडं घेऊन हौदा उकरायचा. रात्रभर दबलेली माती पुन्हा भुसभुशीत झाल्याशिवाय कुणी कुणाला उचलून आपटायचं नाही. नव्या पोराला महिना-महिना हेच काम. ते पोरगं घाम गाळत उकरायचं आणि उकरता उकरता शिकायचं की आपण जिथं पडणार आहोत ती जागा आपणच तयार करायची असते. आज सुरक्षेच्या नावाखाली जे काही सांगितलं जातं त्यातलं अर्धं या एका रिवाजात येऊन गेलं.

या परंपरेचं आपल्या जिल्ह्याशी नातं थेट आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. त्यांनी पुढे कृष्णाकाठच्या मुलखात अकरा मारुती स्थापले आणि मारुतीच्या देवळाला लागून तालीम ही जोडी महाराष्ट्राच्या मनात पक्की बसली. मुंबईत शिवाजी पार्कला १९२५ साली काळे गुरुजींनी मल्लखांबाची शाळा काढली तेव्हा तिला नाव दिलं श्री समर्थ व्यायाम मंदिर. त्याच पार्कात २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जांबचं नाव तिथं कुणी घेतलं नसेल, पण धागा तिथूनच निघतो.

मल्लखांब तर त्याहून जुना. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, पहिलवानांच्या सरावाचा मल्लस्तंभ येतो. आज आपण जो मल्लखांब पाहतो त्याचं श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट दादा देवधरांना देतात. आख्यायिका अशी की, निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आव्हान घेऊन आले, बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथं माकडाच्या उड्या पाहून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्या विद्येची रचना पाहण्यासारखी आहे. खांब पुरलेला मातीत. उंची माणसाच्या डोक्यावर जेमतेम दोन-तीन हात. चढणारा एकटा, त्यामुळे पडला तर एकटाच पडणार, दुसऱ्याच्या मानेवर नाही. आणि खांबाला खेटून उस्ताद उभा, त्याचा एक हात कायम पोराच्या पाठीशी. मऊ जमीन, बेताची उंची, झेलायला तयार माणूस. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. एक सुटली की बाकीच्या दोन अपुऱ्या पडतात.

याच्या उलट टोकाला डोंबाऱ्याचा खेळ. आठवडी बाजारात बांबूच्या दोन कैच्या, मध्ये दोर आणि दोरावर सात-आठ वर्षांची मुलगी. खाली बाजारतळाची दगडासारखी जमीन. बाप ढोलकं वाजवत दोराखालून तिच्या बरोबरीनं चालत असायचा. लोकांना वाटे तो ताल धरतोय. तो तिच्याखाली राहत होता. त्याच्याकडे हौदा नव्हता, जाळं नव्हतं, होते फक्त दोन हात.

आता शाळेतला मनोरा. कवायतीच्या रांगेतून शिट्टीवर उभा राहणारा, आकृतीसारखा सममित मनोरा तालमीतला नाही. तो बाहेरून आला. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान यांनी जी व्यायाम-चळवळ उभी केली तिच्या समारंभांत असे मनोरे रचले जात. युरोपातल्या शाळा-पलटणींमधून ही रीत पसरली आणि कवायतीच्या पुस्तकांतून आपल्याकडे उतरली. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं, तिथं तयार झालेले शिक्षक देशभर गेले. मुंबई सरकारनं १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून होतंच. त्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. देशी आणि विलायती व्यायामाची सरमिसळ अशा ठिकाणी झाली.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं सभांवर बंधनं होती, खासगी शाळांवर होती आणि आखाड्यांवरही परवानगीची बंधनं होती. त्यामुळे इथं शाळेतली कवायत खऱ्या अर्थानं रुजली ती १७ सप्टेंबर १९४८ नंतर. स्वातंत्र्य मिळालेलं, मराठवाडा मुक्त झालेला, पोरांनी शिस्तीत उभं राहावं ही सगळ्यांचीच ओढ. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, तीही याच हवेतली. त्या पिढीच्या शिक्षकांनी मनोऱ्यात जे पाहिलं ते खोटं नव्हतं. खालचा भक्कम, वरचा हलका, सगळ्यांचा श्वास एक. राष्ट्र म्हणजे काय हे पाचवीतल्या पोराला दाखवायला याहून सोपी आकृती सापडणार नाही. म्हणूनच ती टिकली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, पुढे तालुका तिथं क्रीडा संकुल असं धोरण आलं, शाळांना पत्र्याऐवजी स्लॅब आले आणि पटांगणांना कोबा. चिखल गेला म्हणून सगळे खूश झाले. मनोऱ्याच्या दृष्टीनं ते नुकसान होतं, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, कारण तोवर मनोरा आणि माती यांची फारकत होऊन एक पिढी लोटली होती.

मनोऱ्याची दुसरी वाट दहीहंडीची. मराठवाड्यात दहीहंडी मूळची काल्याची. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगतं, मंडपाच्या आढ्याला हंडी टांगलेली असते, महाराज काठी मारतात आणि लाह्या-दही सगळ्यांच्या अंगावर. पैठणला नाथषष्ठीचा समारोप अशाच काल्यानं होतो. यात कुणी पडायची भीती नाही. हंडी वर गेली ती मुंबईत. गिरणगावात दोन चाळींच्या मधल्या गल्लीत, गॅलरीच्या कठड्याला दोर बांधून. गल्ली अरुंद, त्यामुळे माणसं दाटीवाटीनं उभी, पडणारा पोरगा बहुधा कुणाच्या तरी हातावरच पडे. उंचीही चाळीच्या मजल्यांनी बांधलेली. पुढे हंडी गल्लीतून मैदानात आणि हमरस्त्यावर आली, दोर क्रेनला बांधला गेला, बक्षिसं लाखांवर गेली आणि थरांची चढाओढ लागली. १० ऑगस्ट २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. १६ ऑगस्ट २०२५ ला कोकण नगर पथकानं ठाण्यातच दहा थर लावले. पथकातल्या पोरांविषयी मला मनापासून आदर आहे. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू झालेला सराव, कामावरून येऊन रात्री अकरापर्यंत चालणारा, बेसला उभं राहणाऱ्यांचे सोललेले खांदे, वरच्या चार एक्क्यांसाठी, म्हणजे एकेकट्याच्या थरांसाठी, वजनावर डोळा ठेवून निवडलेली माणसं. ही मेहनत पाहिलेल्या कुणालाही या खेळाला नुसता धिंगाणा म्हणवणार नाही.

पण परळच्या केईएम रुग्णालयात दर गोपाळकाल्याला जखमींची रांग लागते, हेही तितकंच खरं. २०१४ च्या सरावात नवी मुंबईत सानपाड्याला पडून चौदा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली, उंची २० फुटांवर आणली आणि हेल्मेट, सुरक्षा पट्टा, खाली मऊ थर यांचा आग्रह धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये तिथंही २० फूट आणि अठरा वर्षं कायम राहिली. २०१७ मध्ये ते पुन्हा उच्च न्यायालयाकडे आलं आणि उंचीची मर्यादा उठली. वयाची अट चौदावर आली, तशी हमी सरकारनंच दिली. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि भरपाई ठरवली: मृत्यूला १० लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर साडेसात, एक गेला तर ५ लाख. या सगळ्या वर्षांत वाद रंगला तो वीस फूट की चाळीस, बारा वर्षं की अठरा यावर. खालच्या मऊ थराचं काय झालं, तो किती जाड असावा, कशाचा असावा, यावर कुणी भांडल्याचं आठवत नाही. वरच्या पोराला क्रेनवरून दोर आला, ते चांगलंच झालं. पण दोर एकट्याला धरतो. थर कोसळतात तेव्हा मधले तीस-चाळीस जण एकमेकांवर येतात आणि खालच्याच्या मानेवर वरच्याचा गुडघा बसतो.

पडणाऱ्यांना सांभाळायचं हेच कोडं सातासमुद्रापार दुसऱ्याच एका खेळानं सोडवत आणलं, आणि तो खेळ आपल्याकडे भलत्याच कारणानं गाजला. २००८ मध्ये आयपीएलबरोबर चिअरलीडर आल्या तेव्हा महाराष्ट्रात चर्चा झाली ती त्यांच्या कपड्यांची. अमेरिकेत तेव्हा त्यांच्या मानेची चर्चा चालू होती. तिथं चिअरलीडिंगची सुरुवात १८९८ ची, मिनेसोटा विद्यापीठातली, आणि तीही मुलग्यांची. नुसत्या आरोळ्या होत्या. मुली पुढे आल्या, त्यानंतर जिम्नॅस्टिक्स आलं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एकमेकींना हवेत फेकणं आणि मनोरे रचणं हाच त्याचा गाभा झाला. १९८२ ते २००९ या काळात तिथल्या शाळकरी मुलींना खेळात झालेल्या सर्वांत गंभीर, म्हणजे मेंदूच्या, मणक्याच्या, जिवावर बेतणाऱ्या इजांपैकी ६५ टक्के एकट्या चिअरलीडिंगमधल्या होत्या. गंमत म्हणजे एकूण दुखापतींचं प्रमाण इतर खेळांपेक्षा कमीच होतं. क्वचित पडायच्या, पण पडल्या की आयुष्याचं नुकसान.

कारण शोधायला ओहायोतल्या कोलंबस इथल्या मुलांच्या रुग्णालयातले ब्रेंडा शील्ड्स आणि गॅरी स्मिथ जमिनीकडे वळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी चिअरलीडर ज्या ज्या पृष्ठभागांवर सराव करतात ते मोजले. किती उंचीवरून डोकं आपटलं तर जीवघेणी इजा होऊ शकते, हा प्रश्न. स्प्रिंग लावलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअरवर उत्तर आलं अकरा फुटांच्याही वर. काँक्रीटवर आलं अर्धा फूट.

अर्धा फूट. काँक्रीटवर विनाइलच्या फरश्या चिकटवल्या तरी आकडा हललाच नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जालन्याच्या शाळांचे कोबे आठवले. तीन थरांच्या मनोऱ्यात वरच्या पोराचे पाय जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतात, डोकं बारा फुटांवर. हिशेब साधा आहे. आठ फुटांवरून पडणारं शरीर जमिनीला ताशी २५ किलोमीटर वेगानं भेटतं, वीस फुटांवरून ताशी ३९, चाळीस फुटांवरून ताशी ५६. इजा मात्र नुसत्या वेगानं होत नाही, तो वेग किती अंतरात थांबतो त्यावर सगळं असतं. क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना हात मागे नेतात तसंच हे. उकरलेली माती चार-सहा इंच मागे सरते. कोबा सरत नाही. सगळं थांबणं कवटीलाच करावं लागतं.

अमेरिकेत याचा परिणाम नियमांवर झाला. २००६ मध्ये एका सामन्यात मनोऱ्यावरून एक चिअरलीडर डोक्यावर पडल्यानंतर बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टवर गादीशिवाय उंच मनोरे आणि फेकी बंद झाल्या. २०१२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं धोरण काढलं: कडक, ओल्या किंवा उंचसखल जागी मनोरा नाही, झेलायला शिकवलेली माणसं बाजूला उभी हवीत, प्रशिक्षकाला प्रशिक्षण हवं. तिथं एकच सरसकट उंची ठरवून भागवलं नाही. जागा बदलली की मुभा बदलते. स्पेनमध्ये कातालोनियातल्या मानवी मनोऱ्यांची गोष्ट आपल्या हंडीच्या जवळची आहे. तिथंही सगळ्यात वर लहान पोर चढतं. २००६ मध्ये मातारो गावात बारा वर्षांची मुलगी पडून गेली, आणि त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पण तिथला खरा आधार जुनाच आहे. तळाशी शेकडो माणसं छातीला पाठ लावून गच्च उभी राहतात आणि पडणारा त्यांच्या अंगावर पडतो. त्यांनी माणसांचाच हौदा केला. २०१० मध्ये युनेस्कोनं त्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सुरक्षा आली म्हणून परंपरा बाटली, असं तिथं कुणाला वाटलं नाही.

आता जालन्यात काय करता येईल, ते. स्प्रिंगचं फ्लोअर जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणार नाही, हे उघड आहे. जिम्नॅस्टिक्सच्या चांगल्या गाद्या पाहायच्या तर साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात जावं लागतं. मुलांसाठी अपघातानंतरच्या सानुग्रह अनुदानाची सरकारी योजना आहे, पण ते पडून झाल्यानंतरचे पैसे. गाद्या नसतील तरी वाळू आहे, आणि वाळूचाही हिशेब झालेला आहे. खेळाच्या मैदानांसाठी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं दिलेल्या तक्त्यात दबल्यावर नऊ इंच राहील इतकी वाळू चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळते. लाकडाच्या बारीक तुकड्यांचा, म्हणजे मल्चचा, तेवढाच थर सात फुटांपर्यंत. म्हणजे पटांगणाच्या कोपऱ्यात पंधरा बाय पंधरा फुटांचा कोबा फोडून लांब उडीसारखा वाळूचा खड्डा केला, तर त्यावर ओणव्या पोरांचा दोन थरांचा मनोरा निर्धास्त होतो. खांद्यावर उभं राहायचं असेल तर बाजूला दोन-दोन मोठी मुलं फक्त झेलण्यासाठी हवीत, त्यांची नजर पाहुण्यांकडे नको, वरच्या पोराच्या कमरेकडे हवी. तिसरा थर या वाळूवर होत नाही. तो करायचाच असेल तर आधी जाड गाद्या आणायच्या.

आणि हे सरावापासून हवं. समारंभाच्या दिवशी सगळे सावध असतात, डॉक्टरही पाहुण्यांत बसलेले असतात. पोरं जास्त वेळा चढतात आणि जास्त वेळा पडतात ती जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शेवटच्या तासाला, दमलेली असताना, जेव्हा सर एकटेच असतात. वाळू दहिवरानं आणि पायांनी चार दिवसांत दबते, तेव्हा रोज सराव सुरू करण्याआधी ती फावड्यानं वर-खाली करायला हवी. हे काम पाचवीतल्या त्या हलक्या पोराला द्यावं, वर तोच चढणार आहे.